शिक्का नसलेलं डोरलं

देहूरोडच्या डेपोत मी तीस वर्षं स्टोअरकीपर होतो. शिक्का पाहिल्याशिवाय खिळ्यांची पेटीसुद्धा आत घेतली नाही. निवृत्तीनंतर एवढं शहाणपण ठेवायचं कुठं, हा प्रश्नच होता. तो बायकोच्या नव्या बांगडीनं सोडवला. भिंगातून तिच्या आतल्या बाजूला हॉलमार्कची त्रिकोणी खूण दिसली, शेजारी २२के९१६, म्हणजे हजारात नऊशे सोळा भाग सोनं, आणि पुढं सहा अक्षर-आकड्यांचा क्रमांक. तो मोबाइलवर टाकताच बांगडीची कुंडलीच निघाली. त्या दिवसापासून मी स्वतःला सराफ समजू लागलो. लग्नाला लोक जेवायला जातात, मी भिंग घेऊन जायचो.

लोहगडवाडीला थोरल्या बहिणीकडे गेलो तेव्हाही ते खिशात होतंच. अक्का आणि दाजी गडावर येणाऱ्यांना पिठलं-भाकरी विकतात. मी अक्काच्या डोरल्याच्या वाट्या उलट्यापालट्या केल्या आणि गिऱ्हाइकांसमोर निकाल दिला, "शिक्काच नाही. याला सोनं म्हणता येणार नाही."

जुन्या दागिन्यांवर असले शिक्के नसायचेच, हे सराफसाहेबांना ठाऊक नव्हतं. दाजींनी दोन वर्षं हमाली करून ते डोरलं घडवलं होतं, हे मात्र ठाऊक होतं. दाजी गिऱ्हाइकांची ताटं उचलू लागले.

चार दिवसांनी अक्काचा फोन आला. "ह्यांच्या डोळ्याला डोळा न्हाई. सोनारानं मला फसिवलं का, ह्येच इचारत्यात. तूच तपासून आण."

तिनं गळ्यात नुसते काळे मणी ठेवले आणि वाट्या माझ्याकडे दिल्या. लोणावळ्यात एका सराफाच्या दुकानात त्या वाट्या मशीनवर तपासून घेतल्या. कागदावर चौदा कॅरेट आलं. माझं म्हणणं निम्मं तरी खरं ठरलं होतं, आणि मला दुकानातच रडू आलं.

वाडीवर पोचलो तर दाजी रस्त्यावरच उभे.

"काय निगालं?"

"बावीस. चोख."

"कागद दिला आसंल की."

"जुन्या सोन्याला देत नाहीत," मी म्हणालो. कागद शर्टाच्या खिशात होता.

दाजींनी वाट्या मुठीत घेतल्या. "तुमी म्हंता म्हंजी झालं, पावनं," ते म्हणाले आणि त्यांनी अक्काला हाक मारून मला गरम भाकरी वाढायला सांगितली. मी दोन खाल्ल्या, दोन्ही मान खाली घालून.