कन्सोलला आता माझा हात नाही

मंडळी, आज आमच्या नाटकातले प्रकाशाचे बदल कन्सोलमध्ये, म्हणजे दिवे कमी-जास्त करायच्या यंत्रात, भरायचे होते. प्रकाशयोजना माझी. ग्वाल्हेरात इतकी वर्षं कन्सोलही मीच चालवते.

मी खुर्ची ओढली, तर दिग्दर्शक अविनाशदादा म्हणाले, "तू खाली प्रेक्षकांच्या खुर्चीत बस, तिथून सांग. कन्सोलला आता फक्त इमरान हात लावेल."

आजारपणानंतर माझी बोटं थरथरतात. काल तालमीत मरणाच्या प्रसंगात मी उतरवलेला उजेडही थरथरला होता. मी खाली जाऊन बसले.

"दीदी, और कम करूँ?" माझ्या मदतनीस इमरानने वर कन्सोलपाशून विचारलं.

"थोड़ा सा. बस."

उजेड अगदी मला हवा तसा, संथ उतरला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

घरी येऊन चहा केला. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही.

तुमचं काम हातातून गेलं आणि तरीही छान झालं, तेव्हा तुम्हाला काय वाटलं होतं?