साडीतली चिठ्ठी

लेकीला वाचायला शिकवायचं आणि अब्रूही राखायची, ही दोन कामं एका घरात होत नाहीत. मी करून बघितलं.

मी बिलोलीकडची. सातवीनंतर शाळा सुटली. (आठवीचा वर्ग दुसऱ्या गावात होता, आणि तिकडं जाणारी एसटी आमच्या बापाच्या मनातून कधी सुटलीच नाही.) आता लातूरला राहते. इथं चहाच्या टपरीवरची पोरंसुद्धा रसायनशास्त्र बोलतात. त्यामुळं मला कायम धसका. माझी श्रावस्ती दुसरीत, आणि पुस्तक उघडलं की तिला तहान लागते. दोन ओळींमागं एक तांब्या!

तिचं शाळेत नाव लागलं ते भाभींमुळं. भाभी म्हणजे आमच्या घरमालकीण, खाली शिलाई करतात. फॉर्म बघूनच मला घाम फुटला होता, तर त्या मशीन बंद करून माझ्यासोबत आल्या. माहेर लांब, सासर लांब, अडीनडीला त्याच. त्यांचे उपकार मी जन्मात फेडू शकणार नाही. (एवढं लक्षात ठेवा.)

शाळेतल्या मॅडम म्हणाल्या, "पुस्तकच पाहिजे असं नाही. घरात जे लिहिलेलं दिसेल ते वाचू द्या. फक्त चुकलं तरी टोकू नका. आत्ता गोडी लागली नाही तर पुढं जड जाईल."

मी टोकलं. बिस्किटाच्या पुड्यावरचं एक अक्षर चुकलं म्हणून नुसतं "अं हं" केलं, तर पोरीनं चार दिवस वाचायला तोंडच उघडलं नाही. त्या चार दिवसांत मला तिसरीपासून तिच्या सासरापर्यंतची सगळी संकटं दिसली. मग मी शपथ घेतली. पोरगी काहीही वाचो, आपण गप्प बसायचं.

त्याच आठवड्यात मुखेडहून अक्का आल्या. अक्का म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाई. त्या निघाल्या की साडी द्यावी लागते. आता आलेली साडी पेटीत जाते आणि पेटीतली साडी पुढं जाते, हे काय बायकांना सांगायला नको. पण जिनं दिली तिच्याच घरी परत जाऊ नये म्हणून मी प्रत्येक साडीच्या घडीत एक चिठ्ठी ठेवते. (सातवी शिकल्याचा मला झालेला एकमेव उपयोग.) देताना चिठ्ठी तेवढी आठवणीनं काढायची असते.

ती मी काढली नाही.

अक्का पिशवी भरून बसल्या होत्या.  मी साडी खाटेवर ठेवली आणि चहा गाळायला वळले, तेवढ्यात भाभीही अक्कांना निरोप द्यायला वर आल्या. मागून आवाज आला, "ही... साडी..."

श्रावस्ती चिठ्ठी घेऊन उभी. कुणी न सांगता. पाणी न मागता.

"वैनी, पोरगी वाचायलीय की," अक्का म्हणाल्या.

"पढ बेटा, पढ," भाभी.

"ही साडी... भाभीनं दिली."

भाभींनी साडीकडं पाहिलं.

"रंग... लई... भडक."

मी तोंड उघडलं. पोरीनं माझ्याकडं बघितलं, अगदी त्या बिस्किटाच्या पुड्यावेळच्या नजरेनं. मी तोंड मिटलं.

"थांबू नको गं, वाच की पुढं," अक्का म्हणाल्या. साडी भाभींची होती, त्यामुळं अक्कांना तोवर मजा येत होती.

"अक्काला... चालंल. अक्काला... काहीबी... चालतं."

अक्कांची मजा थांबली.

"भाभीला... सांगू नये." श्रावस्तीनं चिठ्ठी उलटी करून बघितली. "संपलं."

चहा कपाच्या बाहेर गाळला जात होता.

"काहीबी चालतं व्हय?" अक्का म्हणाल्या.

"भडक थी तो बोलना था ना, सुनीता. बदल के लाती थी मैं," भाभी म्हणाल्या. (उपकार लक्षात ठेवा म्हटलं होतं, ते इथं.)

पोरगी सगळ्यांच्या तोंडाकडं बघत होती. तिचा चेहरा उतरायला लागला. "आई, चुकलं का?"

'हो, चुकलं' एवढं म्हणायचा अवकाश होता. लहान पोर, वाचलं असेल काहीतरी. अक्का मानल्या असत्या, भाभीही मानल्या असत्या. खरं तर दोघी त्याचीच वाट बघत होत्या.

"न्हाई बाळा," मी म्हटलं. "अक्षर न् अक्षर बरोबर वाचलंस."

अक्का साडी घेऊनच गेल्या. म्हणाल्या, "द्या, मला काय, काहीबी चालतं." भाभी पुढचे आठ दिवस माझ्याशी श्रावस्तीमार्फत बोलल्या. पोरगी मात्र सुटली. शाळेतून आली की पेटीपाशी बसते आणि विचारते, "आई, तू अजून काय काय लिहिलंयस?"

म्हणून मी जुन्या चिठ्ठ्या चुलीत घातल्या आणि आता तिच्यासाठी नव्या लिहून ठेवते. अक्का प्रेमळ आहेत. भाभींची निवड छान असते. सगळे लई चांगले आहेत. काल तिनं चार चिठ्ठ्या न अडखळता वाचल्या, घडी घालून माझ्या हातात दिल्या आणि म्हणाली, "आई, तू आधी चांगलं लिहायचीस."