वासंती साडीचा कासोटा

माझी बायको बँकेत तपासणी अधिकारी आहे. म्हणजे महिन्यातले बरेच दिवस ती कुठल्यातरी लांबच्या शाखेत बसून लोकांच्या चुका शोधते आणि उरलेले दिवस घरी बसून माझ्या. मी घरूनच एका कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम करतो, त्यामुळे बालीगंजच्या आमच्या फ्लॅटवर एरवी मुलीचं आणि माझं राज्य असतं. डबा, वेणी, गृहपाठ, ताप, पालकसभा, सगळं मला जमतं. हे मुद्दाम सांगतोय, कारण आमच्या इमारतीतल्या बायका अजूनही माझ्याकडे अशा काळजीने बघतात, जसा काही मी एक दिवस पोरीला बसमध्ये विसरूनच येणार आहे.

एक गोष्ट मात्र मला येत नव्हती. साडी नेसवणं.

इथे बंगालात सरस्वती पूजेला अगदी एवढ्याएवढ्या मुलीही साडी नेसतात. वासंती, म्हणजे पिवळी. आणि ती बहुतेक आईची असते, यातच खरी मजा. आमची मुलगी पहिलीत असताना बायको नेमकी दौऱ्यावर होती, म्हणून मी गडियाहाटच्या बाजारातून एक शिवलेली साडी आणली. कमरेला इलॅस्टिक, निऱ्या आधीच शिवलेल्या, घागऱ्यासारखी चढवली की झालं. मला तर ती फारच हुशारीची खरेदी वाटली होती. मुलगी पूजेच्या मांडवातून परतली ती रडतच. कुणीतरी मैत्रिणीने इलॅस्टिक ताणून सगळ्यांना दाखवलं होतं.

"माझा साडी खोटा होता," ती म्हणाली. तिचं मराठी असंच आहे, बंगालीच्या शेजारी वाढलेलं.

ते रडणं तिच्या आईने फोनवरून ऐकलं आणि मनाला फार लावून घेतलं. पुढच्या वर्षीच्या पूजेच्या आधी दौऱ्यावर निघताना बॅग भरता भरता ती म्हणाली, "आदल्या संध्याकाळच्या विमानाने मी येतेय. मीच नेसवणार. आणि या वेळीही ती रडली ना, तर मी हा विभाग सोडते. टेबलावरचं काम मागून घेते."

ती हे रागाने म्हणाली असती तर मी हसण्यावारी नेलं असतं. पण तिने ते अगदी शांतपणे सांगितलं, म्हणजे ती ते खरंच करणार होती. तिचं या कामावर प्रेम आहे. एखाद्या शाखेतला घोळ निस्तरून ती परत येते तेव्हा तिचा चेहरा असा उजळलेला असतो, की दारातच मला कळतं काम फत्ते झालं. ती रोज दहा ते सहा त्याच खुर्चीत बसलेली माझ्या डोळ्यांसमोर येईना. तिने हे काम सोडू नये असं मला मनापासून वाटत होतं, आणि सगळं येऊन अडलं होतं एका साडीवर.

आदल्या संध्याकाळी उत्तर बंगालात धुकं उतरलं आणि तिचं विमान रद्द झालं. ती बसमध्ये बसली. बस पोचणार दुसऱ्या दिवशी दुपारी. अंजली, म्हणजे देवीला फुलं वाहायची, ती सकाळी.

सकाळी मुलगी अंघोळ करून, पिवळा ब्लाउज आणि लेगिंग घालून, आईची लाल काठाची पिवळी सुती साडी पोटाशी धरून पलंगावर बसली होती. अंजलीपर्यंत काही खायचं नसतं, त्यामुळे पोटात भूक होतीच. मी समोरच्या माशीमांचं दार वाजवलं. माशीमा म्हणजे आमच्या मजल्यावरच्या वयस्कर बंगाली बाई, असल्या अडचणीतल्या आमच्या हक्काच्या. दाराला कुलूप. त्या पहाटेच मांडवात फळं चिरायला गेल्या होत्या.

"साडी पिशवीत घालून आपण मांडवातच जाऊ. माशीमा तिथे नेसवतील," मी म्हणालो.

"सगळ्यांसमोर? नाही."

तिचंही बरोबर होतं. मग व्हिडिओ कॉल. बसच्या खिडकीशेजारी बायकोचा हेलकावणारा चेहरा दिसला. "आधी उजवीकडून खोच... तुझी उजवी नाही, तिची... आता निऱ्या," इथवर आलो आणि तोंड उघडं असतानाच ती पडद्यावर थिजली. पुन्हा लावला, तर लागेना. मी हाताला येतील तशा निऱ्या केल्या, सापडतील तेवढ्या पिना लावल्या. मुलगी दोन पावलं चालली आणि सगळा पसारा तिच्या पायाशी गोळा झाला. ती खाली बघत राहिली. तिचा खालचा ओठ थरथरायला लागला.

मला साडीचा रागच आला. एवढं लांबलचक कापड, त्याला ना बंद, ना बटण, ते अंगावर राहतंच कसं? आणि त्याच रागात मला आठवलं, की असलंच एक कापड मी दर वर्षी गणपतीला नेसतो. सोवळं. मुंज झाल्यावर वडिलांनी समोर उभं करून शिकवलं होतं, चुकलं की पुन्हा सोडायला लावत होते. ते नेसून मी पूजा करतो, वाकतो, मांडी घालतो, वीस पाहुण्यांना वाढतो. आजवर कधी सुटलं नाही. त्याला पीन लागत नाही, कारण त्याला कासोटा असतो. आणि आपल्याकडच्या बायकांच्या नऊवारीला काय असतं? तेच.

साडी सहावारी होती, पण नेसणारी सात वर्षांची. तिला ती नऊवारीहूनही मोठी.

"रडू नकोस," मी म्हणालो. "पिना काढ सगळ्या."

"बाबा, तुला येतं?"

"हे येतं."

साडीचा पन्हा तिच्या गळ्यापर्यंत येत होता, म्हणून तो लांबीतून दुमडून निम्मा केला. कमरेशी घट्ट गाठ मारली. पदराचा अंदाज घेऊन तो खांद्यावरून सोडला. समोर निऱ्या घातल्या, आणि आता हात चुकत नव्हते, कारण ते त्यांच्या ओळखीच्या कामावर आले होते. मग निऱ्यांची खालची टोकं पायांमधून मागे ओढून, चापून चोपून, कमरेला खोचली. पदर फिरवून आणला आणि कमरेत अडकवला. वडील म्हणायचे तेच तिला म्हणालो, "आता उडी मार."

तिने उडी मारली. मग पलंगावरून मारली. मग दिवाणखान्यात एक चक्कर पळून आली. काही हललं नाही. ती आरशासमोर उभी राहिली आणि मागे वळून कासोट्याकडे बघत राहिली. "ही खरी आहे," ती म्हणाली. मला इतका आनंद झाला की मीही पलंगावरून उडी मारायचा बाकी होतो.

मांडवात माशीमांनी हातातली विळी खाली ठेवली. "की शुंदोर! कोणी नेसवली?" प्रश्न त्यांनी हिंदीत विचारला. मुलीने माझ्याकडे बोट केलं. बाकीच्या बायकांनीही माना वळवल्या. मी विनयशील माणूस नाही. मी त्यांना सगळ्यांना नीट बघू दिलं.

अंजली झाली, मुलीने गणिताचं पुस्तक देवीपुढे ठेवलं, म्हणजे त्या दिवशी ते कुणी उघडायला सांगू शकणार नव्हतं, आणि तिला पहिलं बोर खायला मिळालं. पूजेआधी बोरं खायची नसतात, हा नियम तिने महिनाभर माझ्यावरही लादला होता. दुपारी खिचडीचा भोग, म्हणजे प्रसाद, खाऊन झाल्यावर मुलांची संगीत खुर्ची सुरू झाली. बाकीच्या मुली दोन्ही हातांनी निऱ्या सावरत, पावलं मोजत फिरत होत्या. कुणाची साडी पायात येत होती, कुणाची आई मधेच धावत जाऊन पीन लावत होती. आमची मुलगी हात मोकळे सोडून पळत होती. शेवटी एक खुर्ची राहिली, आणि तिच्याभोवती ती आणि पायजमा-कुडत्यातला एक उंच मुलगा.

नेमकी तेव्हा माझी बायको मांडवाच्या कमानीतून आत आली, चाकांची बॅग ओढत, रात्रभराचा प्रवास चेहऱ्यावर घेऊन. ती मला शोधत नव्हती. तिची नजर पोरीचे डोळे लाल आहेत का एवढंच शोधत होती. गाणं थांबलं. मुलगी झेपावली आणि खुर्चीवर मांडी घालून बसली, दोन्ही हात वर. पायजमावाला जमिनीवर. माशीमांनी शंख फुंकला. मी काय ओरडलो मला आठवत नाही, पण मराठीत ओरडलो.

बायकोने मुलीला जवळ घेतलं आणि मग, सवयीप्रमाणे, तपासणी सुरू केली. खांदा बघितला, कंबर बघितली, गोल फिरवून पाठ बघितली.

"पिना कुठे आहेत?"

"नाहीत," मी म्हणालो.

तिने पुन्हा एकदा सगळीकडे हात फिरवला. चूक सापडली नाही. तिचे डोळे भरून आले आणि ती हसायला लागली.

संध्याकाळी घरी आल्यावरही मुलगी साडी सोडायला तयार नव्हती. बक्षिसाचा कंपास उघडझाक करत ती जमिनीवर बसली होती. बायकोने चहा संपवला आणि आपणहून साहेबांना फोन लावला. "सर, पुढची शाखाही मीच घेते. हो, सोमवारी निघते." माझ्या छातीवरचा दगड उतरला.

फोन ठेवल्यावर मुलीने मान वर न करता विचारलं, "आई, तू परत चाललीस?"

"हो गं. चालेल ना?"

मुलीने थोडा विचार केला. "चालेल. पण साडी ठेवून जा."

रविवारी बायकोने बॅग भरली. ती पिवळी साडी धुऊन, इस्त्री करून, तिने कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवली, मुलीचा हात पोचेल तिथे, माझ्या सोवळ्याशेजारी.