लंडनपर्यंतचा केर

घरातलं माणूस गावाला निघालं की ते पोचेपर्यंत केर काढायचा नाही, हा आईचा कायदा. आम्ही बौद्ध झालो तेव्हा घरातून देव गेले, उपासतापास गेले. वडील शाळामास्तर, असल्या गोष्टींचा त्यांना भारी राग. पण एवढी एक गोष्ट आईनं काही सोडली नाही. आमचं घर ताडकळसच्या रस्त्यालगत होतं. कुणी परभणीला गेलं की परतीच्या एसटीचा कंडक्टर दारातूनच ओरडायचा, "उतरवलं बरं का बाई!" मग आई केरसुणी हातात घ्यायची.

माझी मोठी बहीण, अक्का, नर्स झाली आणि तिला थेट लंडनच्या दवाखान्यात नोकरी लागली. ती मामासोबत मुंबईला गेली आणि केरसुणी कोपऱ्यात उभी राहिली.

वडिलांनी शाळेतला पृथ्वीगोल घरी आणला. गोधडीचा दोरा मुंबईपासून लंडनपर्यंत ताणून धरला, मग तोच दोरा विषुववृत्तावर किती वेळा बसतो ते मोजलं. "सव्वासात हजार किलोमीटर," ते म्हणाले. "मधला थांबा धरून दहा तास." मला त्यांचा केवढा अभिमान वाटला! विमान सकाळी सातला सुटणार होतं. त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या ठोक्याला त्यांनी जाहीर केलं, "पोचली. झाड आता घर."

"तुमच्या दोऱ्यानं पोचली ती," आई म्हणाली. "माज्या लेकरानं कुटं कळवलंय?"

विमानाचा कंडक्टर काही ताडकळसला परत येणार नव्हता. पायाखाली माती कचकचायला लागली. मी तर लाजेनं मैत्रिणींना घरी बोलवणंच सोडलं. एकदा वडील चिडून स्वतःच झाडायला उठले, तर आईनं केरसुणी पाठीमागं लपवली.

"अगं, गणित हाय ते! चुकत न्हाई."

"आसंल. पर लय लांब हाय ना."

बाराव्या दिवशी पत्र आलं. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून वडिलांनी मोठ्यानं वाचलं. विमानाला साडेदहा तास लागले, असं अक्कानं मुद्दाम कळवलं होतं. वडील एकदम खुलले, "बघ! अर्ध्याच तासाचा फरक!" शेवटची ओळ मात्र आईसाठी होती : आई, मी पोचले. आता झाडून घे.

आईनं पदर खोचला आणि केरसुणी घेतली. स्वयंपाकघर झाडलं, मधली खोली झाडली. मग भिंतीशी आली. तिथं अक्काची ट्रंक असायची. ट्रंकेच्या जागेवर धूळ कमी होती, आणि कडेनं अक्काच्या वेणीतले दोन-चार केस पडले होते. आईनं केरसुणी माझ्या हातात दिली.

"तू झाड. माज्यानं न्हाई होत."

ती बाहेर ओट्यावर जाऊन बसली. वडील पत्राची घडी करून तिच्याशेजारी बसले, आणि किलोमीटरबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.