बटण न दाबलेला वेळ

धाकट्याने शिकावं म्हणून थोरल्याने हातमाग धरला, अशी आमच्या घरात कामाची वाटणी झाली. मी मिहानच्या एका आयटी कंपनीत गार खोलीत बसतो. दादा उमरेडला अजून करवती काठाची लुगडी विणतो. त्याचं ओझं माझ्या मनावरून कधी उतरलं नाही. ते थोडं हलकं व्हावं म्हणूनच मी विणकरांसाठी नक्षीचा एक प्रोग्रॅम लिहिला. कुणीही फुकट घ्यावा, हवा तसा बदलावा. दादाने मात्र तो कधी उघडला नाही. "सायब, मले कामं हायेत," एवढंच म्हणाला.

हळूहळू त्या प्रोग्रॅमला आणखी हात लागले. यंदा आम्ही तो कसा वापरला जातो ते तपासलं. परवानगी देणाऱ्यांचाच डेटा, तोही नाव-गाव न घेता. पडद्यावर नक्षीची एकच ओळ मोठी दाखवणारा भाग मी दादाला डोळ्यांसमोर ठेवून केला होता. आकडे नेमके त्या भागावर उलटले. लोक तो उघडत आणि लगेच निघून जात. सोबतच्यांनी तो काढून टाकायचं ठरवलं. दादासाठी केलेली तेवढी एक गोष्टही वाया गेली, असं वाटून मला जेवण गोड लागेना.

काढण्याआधी मूळ नोंदी उघडल्या. पुढच्या ओळीचं बटण दाबलेलं, मग बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा बटण. थोडा वेळ हालचाल नसली की माणूस उठून गेला, असं गणित मीच बसवलं होतं. पण ही अंतरं जवळजवळ सारखी होती. लहानपणी मागाशेजारी मी धाग्याच्या कांड्या भरत बसायचो, तेव्हा दादाचा हात असाच चालायचा. लोक उठून गेले नव्हते. एक ओळ विणून पुढची मागत होते!

सोबतच्यांना आलेख पाठवला. उत्तर आलं, "भाग राहणार. आणि पहिल्या पानावर येणार."

रविवारी लॅपटॉप घेऊन उमरेड गाठलं. दादाने चष्मा पुसून आलेख पाहिला.

"हे सारे मागावर बसून राहिले?"

"हो, दादा."

"आन् हा एवढा मोठा खड्डा?"

"दुपारचं जेवण असेल."

"एवढा वेळ? लग्नाचं जेवून राहिला का गा हा?"

हसता हसता त्याने मागाशेजारच्या स्टुलावरच्या कांड्या उचलून माझ्या मांडीवर टाकल्या. "ठेव तो डबा इथं. आन् तू रिकामा नको बसू, कांड्या भर."

मी लॅपटॉप स्टुलावर ठेवून तो भाग उघडून दिला. त्याने बटण दाबलं, ओळ पाहिली आणि धाग्यांमधून धोटा फेकला. मी कांडी भरता भरता पुढच्या बटणाची वाट पाहत राहिलो. ते दाबलं गेलं.