बर्फातून काढलेलं पिस्तूल

काल भाचीने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. बर्फाच्या लादीत गोठवलेलं पिस्तूल कुणीतरी फोडून बाहेर काढलं आणि लगेच गोळी झाडून पाहिली. तिला गंमत वाटली. मला बाबा आठवले.

बाबा शस्त्रांच्या कारखान्यात चाचणी विभागात होते. पिस्तूल कधी बर्फासारख्या थंड पेटीत ठेवायचं, कधी भट्टीसारख्या तापलेल्या, कधी वाळूत नाहीतर चिखलात लोळवायचं आणि दर वेळी झाडून पाहायचं, हे त्यांचं काम. घरी आले की त्यांच्या सदऱ्याला तेलाचा आणि जळक्या बारुदाचा वास यायचा. जेवताना ते त्या दिवसाच्या पिस्तुलाची गोष्ट सांगायचे, एखाद्या हट्टी पोराची सांगावी तशी.

एकदा चिखलातून काढलेलं एक पिस्तूल अडकलं. साहेब म्हणाले, "एकदाच तर अडकलंय, सोडून द्या." बाबांनी सही केली नाही. अख्खी खेप परत गेली.

"अगं, ज्याच्या हातात ते असेल, त्याला दुसरी संधी कुठली मिळायला?" ते आईला म्हणाले.

आईने भाकरी वाढली आणि हळूच विचारलं, "आणि समोर जो असेल, त्याला हो?"

बाबांनी हातातला घास परत ताटात ठेवला. ते म्हणाले, "तो विचार करत बसलो, तर सही करताना माझा हात थरथरेल."

त्यानंतर त्यांनी घरात कामाची गोष्ट कधी काढली नाही. आईनेही विचारली नाही. मी मात्र कितीतरी दिवस, माझं ताट रिकामं झालं तरी, त्यांच्या तोंडाकडे बघत बसून राहायचे.