कुंभारणीच्या घरातली हिरवी माशी

पत्र्याच्या शेडात नवराबायकोचं भांडण दोघांपुरतं राहत नाही. भूकंपानंतर किल्लारीच्या अंगाला अशा शेडांच्या ओळीच्या ओळी उभ्या राहिल्या होत्या. एका घरात पातेलं पडलं की चौथ्या घरातलं लेकरू दचकायचं. त्यामुळं गुणाबाई आणि शिवमूर्ती मास्तर त्या सकाळी भांडले, ते अख्ख्या ओळीनं ऐकलं.

"काच तू उचललीस?"

"उचलली."

"आतली माशी?"

"गेली."

"गेली? अगं, तसली माशी कुठल्याच पुस्तकात न्हाई! किती दिवस डोळ्यात तेल घालून बसलो मी तिच्यासाठी!"

"ती काचेवर धडका मारायली होती. माझ्यानं बघवलं न्हाई."

"मग घरच खरवडून काढतो आता. म्हणजे कटकट मिटली."

"काढा की. पण आधी मला बाहेर काढा. एक घर पडलं ते पुरं झालं न्हाई का तुम्हाला?"

मग पत्र्यापलीकडून बेगमबीचा आवाज आला, "मास्तर, हरलात तुम्ही. चहा टाका आता, अन् मलाबी घोटभर द्या."

भांडण होतं मुठीएवढ्या मातीच्या गोळ्यावरून. शेडाच्या आडव्या दांडीखाली कुंभारणीनं घर केलं होतं. कुंभारीण म्हणजे ती बारीक कमरेची माशी. तोंडात चिखल आणून खोल्या बांधते, एकेका खोलीत कोळी भरते, वर अंडं घालते आणि दार लिंपून निघून जाते. कुंभारणीनं घर केलं की त्या घरात पाळणा हलतो, असं आपल्याकडं म्हणतात. कुणी ते पाडत नाही. गुणाबाईच्या लग्नाला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती, आणि उरलेल्या घरात माणसं दोनच होती. ती त्या गोळ्याकडं देवाकडं बघावं तशी बघायची.

मास्तर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. त्यांना त्या गोळ्यावर दुसरंच काही दिसलं होतं. मोराच्या मानेसारखी हिरवी, हात लावला की हरभऱ्यासारखी गोल होणारी एक चिमुकली माशी यायची. कुंभारणीच्या भिंतीला भोक पाडायची, आत आपलं अंडं घालायची आणि भोक लिंपून टाकायची. तिचं पिलू आत आधी कुंभारणीचं लेकरू खायचं, मग त्याची शिदोरी. घर दुसऱ्याचं, जेवण दुसऱ्याचं. ती बाहेर कधी पडते ते धरायला मास्तरांनी घराभोवती कंदिलाची काच बसवली होती. एक तोंड मातीनं दांडीला लिंपलेलं, दुसऱ्याला मलमल बांधलेली.

पण गुणाबाईला काहीच कोंडलेलं सोसत नव्हतं. भूकंपाच्या पहाटे वरचं मातीचं माळवद तिच्या अंगावर आलं होतं. दगडमातीखाली एक हात मोकळा होता, तेवढाच. वरची माणसं बोलत होती. त्यांचं तिला ऐकू येत होतं, तिचं त्यांना नाही. ऊन वर आलं, माणसं पुढच्या घराकडं गेली, तेही तिनं ऐकलं. शेवटी बेगमबीनं दगडावर वाजणाऱ्या बांगड्या ऐकल्या आणि हातानं माती उपसायला लागली. त्या दिवसापासून गुणाबाई डब्याचं झाकणसुद्धा घट्ट लावत नव्हती. डाळीत किडे व्हायचे. होऊ देत, म्हणायची.

मास्तरांनी घर खरवडलं नाही. काचही परत लावली नाही. पुढं कोळ्याच्या जाळ्यात त्यांना तसलीच एक मेलेली माशी सापडली, एक पंख तुटलेली. ती टाचणीला लावून त्यांनी पुण्याच्या जाणकाराला दाखवली. तो म्हणाला, नवीच जात दिसते, पण अशा मोडक्या एकीवरून कसं लिहिणार? धड मादी आणा, नर आणा, ज्या घरातून निघाल्या ते घर आणा. मास्तर पेटी काखेत धरून परत आले. बायकोला म्हणाले, "बघू." पाळणा हलला नाही. त्याचंही दोघं "बघू" म्हणत राहिली.

मग लातूरला क्लासांचं पीक आलं. गल्लीगल्लीत डॉक्टर व्हायला निघालेली पोरं. मास्तरांना एका क्लासवाल्यानं ओढून नेलं. लातुरात माडी झाली, माडीवर प्लायवूडच्या भिंती घालून क्लासला आलेल्या पोरींसाठी भाड्याच्या खोल्या झाल्या. मास्तर माईक धरून सकाळ-दुपार-संध्याकाळ तेच धडे शिकवायचे. किड्यांना त्यात जेमतेम पानभर जागा. घसा बसवून घरी यायचे आणि खुणेनंच पाणी मागायचे. गुणाबाई म्हणायची, "आमच्या कुंभारणीनं कोळी भरावेत तसं भरलंय हो पोरास्नी." मास्तर हसायचे. रविवारी पेटी उघडून मोडकी माशी भिंगाखाली धरायचे, तेवढा एक तास ते क्लासचे नसायचे.

गुणाबाईचं काम निराळं. पहाटे उठून देवाआधी ती जिन्याच्या खिडकीशी जायची. तिथल्या बंद काचेवर रात्रभराचे पतंग, मधमाश्या, काय काय धडपडत असायचं. तीच एका तोंडाला मलमल बांधलेली कंदिलाची काच वर धरायची, मागून पुठ्ठा सरकवायची आणि एकेकाला गच्चीवर सोडून यायची. येताना प्रत्येक खोलीची बाहेरची कडी चाचपायची, कुणी चेष्टेनं लावली तर नाही ना म्हणून.

एका रविवारी मास्तरांनी पेटी उघडली आणि टाचणीखाली नुसता भुगा होता. बारीक किड्यांनी माशी खाऊन टाकली होती. मास्तरांनी पेटी मिटली, शर्ट घातला आणि सुट्टीच्या दिवशी क्लासला निघून गेले. शेडातल्या भांडणानं गुणाबाई कधी घाबरली नव्हती. या न बोलण्याला ती घाबरली. दगडाखाली तिनं असंच ऐकलं होतं, पावलं लांब जाताना.

त्या उन्हाळ्यात अर्शीच्या खिडकीत कुंभारणीनं घर केलं. अर्शी म्हणजे बेगमबीची नात, क्लाससाठी इथंच राहायची.

"आज्जी, झाडूनं पाडू का? डोळ्यासमोर घोंघावायली ती. भीती वाटते."

"पाडलंस तर तुझ्या आज्जीला फोन लावीन. डॉक्टरीण व्हायची, अन् माशीला भिते!"

गुणाबाईनं हिरवीला तिथं येताना पाहिलं होतं. तिनं कंदिलाची काच धुतली, चिखल कालवला आणि स्वतःच्या हातानं घराभोवती लिंपली. वर ताजी मलमल बांधली.

"आज्जी, तुम्हाला घाम आलाय."

"उकडतंय. तू वाच."

त्यानंतर ती रोज तिथंच बसायची, तांदूळ निवडत. आधी कुंभारणीच्याच पोरी निघाल्या. त्यांना तिनं लगेच सोडलं. मग एका सकाळी माती आतून कुरतडल्याचा बारीक आवाज आला आणि हिरवी बाहेर पडली. काचेवर आदळली. परत आदळली.  अर्शीनं गुणाबाईचा हात धरला तेव्हा तो मलमलीच्या गाठीवर होता. गाठ सुटली नाही.

मास्तर क्लासहून आले. घसा नेहमीसारखा बसलेला. गुणाबाई म्हणाली, "बघा, ती हाय का. अन् पुढचं तुमचं तुम्ही करा, मी खाली जाते." किडे मारायच्या औषधाची बाटली उघडल्याचा आवाज नको म्हणून तिनं खाली मिक्सर लावला, रिकामाच.

काही दिवसांनी नर निघाला. मग मास्तरांनी क्लासला चक्क रजा टाकली. भिंगाखाली शेपटाच्या काठावरचे दाते मोजले. ओळखीच्या माश्यांना चार नाहीतर सहा, हिला पाच, आणि मधला आखूड. चित्रं काढली, लिहिलं, पुण्याला पाठवलं. उत्तर यायला फार वेळ लागला. आलं ते होकाराचं.

"नाव तुझंच देतो," मास्तर म्हणाले. रजेत त्यांचा बसलेला आवाज चांगलाच मोकळा झाला होता.

"माझं? लोकांची लेकरं खाणारीला? लाज न्हाई वाटत तुम्हाला!"

"मग?"

गुणाबाईनं विचार केला. "गावाचं द्या. गाव तरी कुठं आपल्या घरात हाय? तेबी भूकंपापासून दुसऱ्यानं बांधलेल्या घरातच राहायलंय."

मास्तरांनी तसंच केलं. छापून आलेली पानं बेगमबीनं उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "अन् एवढ्या खटपटीत पाळणा?" गुणाबाई म्हणाली, "माडीवर एवढ्या पोरी हायत की. एकेकीचा आवाज ऐक."

पुढं काही वर्षांनी, गुणाबाई वारली त्या दिवशीही पहाटे तिनं जिन्याची खिडकी गाठली. दोन पतंग सोडले, एक मधमाशी सोडली. कोपऱ्यात हिरवी होती, काचेवर धडका मारणारी. गुणाबाईनं ती काचेत घेतली, मागून पुठ्ठा लावला, दमानं गच्चीवर गेली. "तुझं लिहून झालंय, जा," म्हणाली. हिरवी उडाली. मग खाली येताना तिनं सगळ्या कड्या चाचपल्या, आणि कंदिलाची काच फडताळात उपडी घातली.